साका आणि शब्द

हापूस ऑनलाइन विकताना एक प्रश्न पाठ सोडत नाही: जे मलाच दिसत नाही, त्याची हमी देणं म्हणजे खोटं बोलणं का? साका बाहेरून कळत नाही. साल केशरी, वास घमघमीत. कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर. बाजारात गिऱ्हाईक निदान आंबा हुंगून तरी बघतं. फोनवर त्याच्याकडे फक्त माझा शब्द. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते आंबा कुठला हे सांगतं, आतून कसा हे नाही.

म्हणून 'शंभर टक्के गोड' असं मी लिहीत नाही. लिहितो, 'साका निघाला तर कळवा, पैसे परत.' फोटोही मागत नाही. कुणी फसवेल? फसवेलही. पण त्याने न बघता विश्वास ठेवायचा आणि मी मात्र पुरावा मागायचा, हा सौदा बरोबरीचा नाही.