टिकणं आणि पुरणं

खरेदी करताना आपण दोन क्रियापदांची हमखास गल्लत करतो. टिकणं आणि पुरणं. चप्पल टिकते, पगार पुरतो. चप्पल किती टिकेल ते तिच्या शिवणीवर ठरतं. पगार किती दिवस पुरेल ते पगारावर थोडं आणि आपल्यावर बरंच ठरतं. दुकानात आपण विचारतो, "हे किती वर्षं जाईल?" तेव्हा या दोहोंपैकी नेमकं काय विचारतोय, हे दुकानदाराला कळत नाही आणि बहुधा आपल्यालाही नाही.

सुटे भाग निवडून गेमिंग पीसी जोडायला निघालेला माणूस या गल्लतीत सगळ्यात आधी अडकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे नात्यातली, ऑफिसातली, सोसायटीतली पोरं माझ्याकडे पार्ट्सची यादी मागतात. प्रत्येकाची अट तीच: बजेट कमी आहे, पण पुढची पाच-सात वर्षं बघायला लागू नये. यूट्यूबवर याला 'फ्यूचरप्रूफ' म्हणतात. शब्द तांत्रिक वाटतो, पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. पाच वर्षांनंतरच्या माणसासाठी आजच्या माणसाने किती पैसे मोजायचे? आणि ते कुणाच्या खिशातून?

आधी टिकण्याचं बघू, कारण ते सोपं आहे. कॉम्प्युटरचे बरेचसे भाग चांगले टिकतात. प्रोसेसर तर सहसा मरतच नाही. झिजतात ते पंखे. वाळते ती थर्मल पेस्ट. दमतात ते पॉवर सप्लायमधले कपॅसिटर. २०१६ साली आलेलं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक कार्ड आजही कितीतरी घरांत चालू आहे. धूळ झटकली, पेस्ट बदलली, की बिचारं पुन्हा कामाला लागतं.

अडचण पुरण्याची आहे. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय मार्च २०१७ मध्ये आलं. ११ जीबी मेमरी, अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर. 'एकदा घेतलं की बघायला नको' याचं उदाहरण म्हणून लोक वर्षानुवर्षं याच कार्डाचं नाव घेत होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग डिसेंबर २०२४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा गेम आला. त्याला हार्डवेअर रे ट्रेसिंग लागतं, आणि १०८० टीआयमध्ये ती सोयच नाही. बाकीच्या बऱ्याच गेममध्ये त्याच्या मागे राहणारं आरटीएक्स २०६० सुपर या गेमच्या किमान अटीत बसतं. १०८० टीआय बसत नाही. कार्ड थकलं नव्हतं, बिघडलंही नव्हतं. खेळाचे नियम बदलले, इतकंच. २०१७ मध्ये जास्तीचे पैसे मोजून ते घेणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असणं शक्य नव्हतं.

विंडोज ११ चंही तसंच. ते २०२१ मध्ये आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या यादीत २०१७ चे पहिल्या पिढीचे रायझन प्रोसेसर नव्हते. फक्त चार वर्षांचे, ठणठणीत. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि असली लाखो यंत्रं एका तारखेने 'जुनी' झाली. आदल्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी यंत्र तेच होतं.

मग ज्यांनी 'पुढे अपग्रेड करता येईल' म्हणून मदरबोर्ड निवडला, त्यांचं काय झालं? २०१७ मध्ये एएमडीचा एएम४ सॉकेटचा बोर्ड घेणाऱ्याचं नशीब फळफळलं. पाच वर्षांनी, २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी त्याच बोर्डात बसू शकला. त्याच काळात इंटेलचा एलजीए ११५१ बोर्ड घेणारा पुढच्याच पिढीला अडकला. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या प्रोसेसरच्या सॉकेटचं नाव तेच होतं, तरी जुन्या बोर्डावर ते चालत नव्हते. एएम४ वाल्यांचा रस्ताही सरळ नव्हता. २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं की नवे प्रोसेसर ४०० सीरिजच्या बोर्डांवर चालणार नाहीत. लोकांनी आरडाओरडा केल्यावर निर्णय फिरवला. ज्यांना आपण आज दूरदृष्टीचे म्हणतो, त्यांच्या दूरदृष्टीत एका कंपनीने बदललेल्या मनाचाही वाटा आहे.

थोडक्यात, पाच वर्षांनंतरचं 'पुरेल' आज विकत मिळत नाही. दुकानात मिळतं ते 'टिकेल'. आपण बऱ्याचदा टिकण्याचे पैसे देतो आणि पुरण्याची आशा घरी घेऊन जातो.

इथे मला नागसेन आठवतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाला आणि नागसेनवनाला बाबासाहेबांमुळे हीच नावं मिळाली. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाक रथ आहे का? आस? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी दोघे येतात ते इथे, की सगळे भाग एका मांडणीत आले म्हणजे आपण त्याला रथ हे नाव देतो. कॅबिनेट उघडून बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कार्ड बदललं, रॅम बदलली, एसएसडी बदलली, तरी तो म्हणतो, "माझा पीसी."

पण नागसेन पुढे जातो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नव्हे, आणि अगदी वेगळीही नव्हे. माणसाचंही तसंच, असं तो म्हणतो. म्हणजे पाच वर्षांनी या पीसीसमोर बसणारा 'मी' हा आजचाच मी असेल, हेही अर्धंच खरं. तो कदाचित गेम खेळत नसेल. कदाचित त्याला रात्री मूल झोपवायचं असेल. कदाचित त्याच्या हातात माझ्या तिप्पट पगार असेल. त्याच्यासाठी आज पोटाला चिमटा काढणं म्हणजे ज्याला मी धड ओळखत नाही अशा माणसाला आहेर करणं.

हा विचार पुस्तकी वाटेल. मागच्या उन्हाळ्यात तो माझ्यासमोर हिशेबाच्या रूपात आला.

माझी मावशी नाशिकला डबे करून देते. तिचा मुलगा डिप्लोमाला आहे. शनिवार-रविवार एका मोबाईलच्या दुकानात काम करून त्याने २८ हजार साठवले होते. मावशी ४२ हजार घालणार होती. एकूण ७० हजार, मॉनिटर सोडून, कारण तो होता. मी दोन याद्या केल्या. पहिलीत नवा एएम५ बोर्ड, महागडी डीडीआर५ रॅम आणि त्यापायी कमी ताकदीचं ग्राफिक कार्ड. पुढे प्रोसेसर बदलायला जागा. दुसरीत एएम४ चा बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६००. रस्ता इथे जवळपास संपतो, पण वाचलेल्या पैशांत १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बसतं. माझा कल पहिल्या यादीकडे होता.

तो म्हणाला, "दादा, दोन-तीन वर्षांनी मी कमवत असेन ना? आत्ता माझ्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत. मग पुढच्या माझ्यासाठी आत्ताच्या मी का भरायचे?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. आपल्याकडे काटकसरीचा उपदेश नेहमी एकाच दिशेने होतो: आज सोस, उद्या सुख. म्हातारपणासाठी तो बरोबरच आहे, तेव्हा हातपाय चालत नाहीत. पण एकोणीस वर्षांचा मुलगा हा त्याच्या पुढच्या सगळ्या रूपांमधला बहुधा सगळ्यात गरीब. त्याने पंचविशीतल्या पगारदारासाठी पैसे बाजूला ठेवायचे, यात न्याय कुठला?

पण मावशीचा प्रश्न वेगळा होता. तिने फोनवर विचारलं, "अरे, हे किती वर्षं चालेल? परत तीन वर्षांनी माझ्याकडे येणार नाही ना हा?" तिचा मिक्सर माझ्या लहानपणापासूनचा आहे. भांडी बदलली, कपलर किती वेळा बदलला याची गणती नाही, मोटार एकदा भरून घेतली. तिला यंत्र अमर नको होतं. तिला ४२ हजारांच्या बदल्यात एक वचन हवं होतं.

तेव्हा मला गाठ सुटल्यासारखी वाटली. भविष्यातल्या स्वतःचं आपण फारसं देणं लागत नाही, तो आपलं बघून घेईल. देणं लागतो ते आजच्या, खऱ्या, दुसऱ्या माणसाचं, ज्याचे पैसे यात आहेत. टिकाऊपणाचा नैतिक प्रश्न सुरू होतो तो तिथे.

म्हणून आम्ही दुसरी यादी घेतली, आणि बिल असं वाटलं: मावशीच्या पैशांतून टिकणारे भाग. नामांकित बनावटीचा ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, ज्याची वॉरंटी लांब पल्ल्याची आहे. हवा खेळती ठेवणारं साधं कॅबिनेट. १ टीबीची एसएसडी, बोर्ड, प्रोसेसर, १६ जीबी रॅम. ग्राफिक कार्ड, म्हणजे सगळ्यात आधी न पुरणारा भाग, त्याच्या २८ हजारांतून. पुढच्या वेळी कार्ड बदलायचं झालं तर त्याचा खर्च कुणाचा, हे त्या बिलातच ठरून गेलं.

यात एक तांत्रिक शहाणपणही आहे, जे मी रोजच्या कामात शिकलो. 'पुढे लागेल' म्हणून आज लिहिलेला कोड बहुतेकदा पुढे लागत नाही. दोन भाग जिथे जुळतात ती जागा नीट ठेवली, तर मात्र ती वर्षानुवर्षं उपयोगी पडते. पीसीत अशी जागा म्हणजे एटीएक्स हे मानक. इंटेलने ते १९९५ मध्ये आणलं आणि बोर्डाच्या स्क्रूंची भोकं आजही त्याच हिशेबाने पडतात. म्हणून कॅबिनेट तीन पीसी बघू शकतं. चांगला पॉवर सप्लाय दोन तरी बघतोच. तिथे कंजुषी केली तर जळताना तो शेजाऱ्यांनाही घेऊन जाऊ शकतो. यूट्यूबवर मात्र याच दोन भागांबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, कारण त्यांनी फ्रेम वाढत नाहीत.

आता पुरण्याकडे येऊ. 'पुरे' हा शब्द मराठीत दोन कामं करतो. तो 'इतकं भागतं' असंही सांगतो आणि 'आता थांब' असंही. गेमिंगमध्ये याला चक्क मोजता येणारा आकडा आहे. तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ७५ वेळाच चित्र बदलतो. कार्डाने २०० फ्रेम काढल्या तर माऊसची प्रतिक्रिया किंचित चपळ वाटेल, पण वरच्या सव्वाशे फ्रेम पूर्ण चित्र म्हणून पडद्यावर येणार नाहीत. इतकं स्पष्ट 'पुरे' आयुष्यात फार कमी ठिकाणी लिहून मिळतं. भावाचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, १०८० पीचा. त्याला जे कार्ड पुरतं त्याहून मोठं घेतलं असतं, तर आधी कार्ड वाया जातंय म्हणून मॉनिटर नवा, मग मॉनिटरला शोभत नाही म्हणून कार्ड नवं, हा पाळणा सुरू झाला असता.

यावर एक खरा आक्षेप आहे. भाग बदलता येतात म्हणून माणूस बदलतच राहतो. लॅपटॉपवाला सहा वर्षं गप्प बसतो, पीसीवाला दर सेलला कार्ट भरतो. बदलण्याची सोय आणि बदलण्याची खाज एकाच दारातून आत येतात. आणि टाकलेला बोर्ड कुठे जातो हेही आता लपलेलं नाही. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्या हातांनी कॉम्प्युटर फोडून, तारा जाळून तांबं काढणारी माणसं आहेत. माझं 'आता पुरत नाही' त्यांच्या फुफ्फुसांत जातं. त्यामुळे 'पुढचा मी बघून घेईल' एवढं म्हणून सुटका नाही. जुन्या कार्डाचं काय करणार, हे नवं कार्ड घेतानाच सांगता आलं पाहिजे.

त्याचं उत्तर पुन्हा त्या दोन क्रियापदांतच सापडतं. टिकणं वस्तूचं असतं, पुरणं माणसागणिक बदलतं. म्हणजे मला न पुरणारं कार्ड दुसऱ्या कुणाला तरी पुरतंच, फक्त ते टिकलेलं हवं आणि तो माणूस शोधायचे कष्ट मी घ्यायला हवेत. ऑफिसातल्या एकाने त्याचं जीटीएक्स १०६० असंच विकायला काढलं होतं. ते त्याच्या सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीकडे गेलं. ती जुन्या डबड्यावर ब्लेंडर शिकतेय. तिला रे ट्रेसिंग नाही म्हणून काही अडलेलं नाही. एक पंखा आवाज करत होता, तेवढा तिच्या वडिलांनी बदलून घेतला.