भाषांचे दान आणि शेजाऱ्याचे ‘आमेन’



उपासना वर्ष ‘क’मध्ये सामान्य काळाच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी आपण संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील बारावा व तेरावा अध्याय ऐकतो. एका आत्म्याची अनेक दाने, एका शरीराचे अनेक अवयव आणि त्यानंतर प्रीतीचा तो सुंदर अध्याय, जो लग्नाच्या मिस्सातही आपण आवडीने वाचतो. पाचव्या रविवारी मात्र वाचन एकदम पंधराव्या अध्यायावर जाते. मधला चौदावा अध्याय रविवारच्या मिस्सात आपल्या कानी पडतच नाही. आज कितीतरी ख्रिस्ती घरांत ज्यावरून वाद होतो, त्या अन्य भाषांत बोलण्याच्या प्रश्नाबद्दल पौलाने सविस्तर लिहिले आहे ते नेमके त्याच अध्यायात!

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. सायंकाळी प्रार्थनासभा भरते. स्तुतिगीते होतात, हात उंचावतात आणि कोणीतरी अशा शब्दांत प्रार्थना करू लागते की ते शब्द मराठी नाहीत, कोकणी नाहीत आणि इंग्रजीही नाहीत. कोणाच्या डोळ्यांत पाणी येते, तर कोणी चपला घालून बाहेर पडतो. मग घरी वाद सुरू होतो. एक म्हणतो, ‘हे सारे नाटक आहे.’ दुसरा म्हणतो, ‘तुला ही भाषा मिळाली नाही, म्हणजे तुला पवित्र आत्मा मिळालेला नाही.’ आम्हांला या दुसऱ्या वाक्याची अधिक काळजी वाटते. ते ऐकणारा तरुण स्वतःच्या बाप्तिस्म्याबद्दल आणि दृढीकरणाबद्दलच शंका घेऊ लागतो. अशा शंकेपोटी काही जण आपल्या वेदीपासून कायमचे दूर गेले आहेत.

करिंथ येथे काय घडले होते? दोन बंदरांचे ते शहर. नाना देशांचे खलाशी, व्यापारी आणि गुलाम तेथे एकत्र राहत. पौलाने तेथे दीड वर्ष राहून मंडळी उभी केली. मंडळी लहान होती, भांडणे मात्र भरपूर होती. गटबाजी होती, एकमेकांना कोर्टात खेचणे होते, प्रभुभोजनाला एकाने पोटभर खावे आणि दुसऱ्याने उपाशी राहावे असा प्रकार होता. भाषांचा वाद त्याच माळेतला. ज्यांना हे दान लाभले होते ते स्वतःला वरच्या पायरीवरचे समजू लागले. इसवी सन 54च्या सुमारास पौलाने इफिसहून त्यांना पत्र लिहिले.

त्याने त्या दानाला खोटे म्हटले नाही. उलट, आपण स्वतः त्या सर्वांपेक्षा अधिक भाषांत बोलतो, याबद्दल त्याने देवाचे आभारच मानले. परंतु मंडळीत बोलताना न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द त्याला बरे वाटतात. त्याची कारणे अगदी साधी आहेत. रणशिंगाचा आवाज अस्पष्ट निघाला तर सैनिक लढाईला कसा तयार होईल? तू आत्म्याने देवाचे आभार मानतोस, चांगले मानतोस. परंतु तुझ्या शेजारी बसलेल्या नवख्या माणसाला काहीच कळले नाही, तर तो ‘आमेन’ कसे म्हणणार? बाहेरचा कोणी आत आला आणि सगळेच एकदम भाषांत बोलताना त्याने पाहिले, तर तो तुम्हांला वेडे नाही का म्हणणार? बोलायचेच असेल तर दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावे आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहावे, देवाशी मनात बोलावे. अध्याय संपवताना मात्र तो बजावतो की भाषांत बोलण्यास मनाई करू नका. आपल्याकडचे टीकाकार हे शेवटचे वाक्य सोयीने वगळतात.

यरुशलेमात पेंटेकॉस्टच्या दिवशी जे घडले ते थोडे वेगळे होते. तेथे परदेशांतून आलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. दुभाष्याची गरज पडली नाही. तरीही काही जण हसले आणि ‘हे प्यालेले आहेत’ म्हणाले. म्हणजे टिंगल तेव्हापासूनची आहे.

पुढे हे दान सर्वसामान्य राहिले नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्तोम याच पत्राच्या बाराव्या अध्यायावर प्रवचन करताना म्हणतात की, हा विषय आता दुर्बोध झाला आहे, कारण असे काही आता घडत नाही. संत ऑगस्टीनही म्हणतात की ते चिन्ह त्या काळापुरते होते. आज ख्रिस्तसभाच सर्व राष्ट्रांच्या भाषांत बोलते. परंतु हेच ऑगस्टीन एका स्तोत्रावरील प्रवचनात कापणी करणाऱ्या आणि द्राक्षमळ्यात राबणाऱ्या मजुरांचे उदाहरण देतात. मजूर आधी शब्दांनी गातात, मग आनंद इतका अनावर होतो की शब्द गळून पडतात आणि नुसता सूर उरतो. जो देव शब्दांत मावत नाही त्याच्यापुढे असाच सूर शोभतो, असे ते सांगतात. भातलावणीच्या वेळी आपल्या शेतांतून ज्यांनी गाणी ऐकली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

विसाव्या शतकात वाद नव्याने पेटला. 1901 साली अमेरिकेत टोपीका येथे चार्ल्स पारहॅम यांच्या बायबल शाळेत आणि 1906 पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभांत लोक भाषांत बोलू लागले. असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाने 1916 साली ठरवले की, आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली बाह्य खूण हीच. याउलट प्रिन्स्टनचे प्रोटेस्टंट ईशज्ञानी बी. बी. वॉरफिल्ड यांनी 1918 साली लिहिले की, अशी दाने प्रेषितांबरोबरच संपली.

या वादातील एक मोठा अध्याय आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या केडगावला घडला हे फार थोड्यांना ठाऊक असते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये 1905 साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस तेथील काही मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. यांतल्या कितीतरी मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. रमाबाईंनी त्यांना गप्प केले नाही. मात्र हे दान प्रत्येकाला मिळालेच पाहिजे, असा आग्रह त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनीही धरला नाही. आणि रमाबाई स्वतः काय करीत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या साऱ्या बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करीत होत्या, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत. 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे ते काम चालले होते. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. तरी पौलाचा चौदावा अध्याय त्यांच्याइतका मनापासून जगलेली दुसरी व्यक्ती आम्हांला चटकन आठवत नाही.

त्याच सुमारास, 1907 च्या आसपास, अझुसा स्ट्रीटचे आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी लिलियन कलकत्त्याला आले. आपल्याला आत्म्याने बंगाली दिली आहे असा त्यांचा विश्वास होता. कलकत्त्याच्या लोकांना ती कळेना. येथे गोव्यात ज्यांचा पवित्र देह आहे ते संत फ्रान्सिस झेवियर आठवतात. मृत्यूनंतर त्यांच्याविषयी भाषांच्या दानाची ख्याती पसरली. परंतु त्यांची स्वतःची पत्रे वाचली तर वेगळेच चित्र दिसते. दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्यांना तमिळ येत नव्हती. दोन्ही भाषा जाणणारी माणसे जमवून, पुष्कळ खटपट करून त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, पाठ केल्या आणि मग हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली फिरून मुलांना शिकवल्या. पवित्र आत्मा अशाही रीतीने भाषा देतो, घाम गाळायला लावून.

कॅथलिक ख्रिस्तसभेत करिझमॅटिक नवजागृती सुरू झाली ती 1967 साली, अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या तपसाधनेपासून. 1975 साली पोप सहावे पॉल यांनी रोममध्ये त्यांच्या प्रतिनिधींचे स्वागत केले. त्याआधीच, 1964 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगून ठेवले होते की, कृपादाने कृतज्ञतेने स्वीकारावीत, असाधारण दानांच्या मागे मात्र उतावळेपणाने लागू नये, आणि त्यांची पारख करण्याचे काम ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांचे आहे. पण आत्म्याला विझवणे हे त्यांचे काम नव्हे. भाषांचे दान आत्मा देऊ शकतो. ते मिळाले नाही म्हणून कोणाचा बाप्तिस्मा वा दृढीकरण उणे ठरत नाही. सगळेच भाषांत बोलतात काय, असे पौलाने विचारले आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

‘पण ती खरी भाषा असते का?’ असे काही जण विचारतात. विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञांनी असे बोलणे अनेक ठिकाणी ऐकून 1972 साली निष्कर्ष काढला की, त्यात भाषेची रचना नसते आणि त्यातील ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतूनच आलेले असतात. मात्र असे बोलणारी माणसे वेडी नसतात, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. तान्हे मूल आईच्या कुशीत जे बडबडते तेही व्याकरणात बसत नाही. आई त्याची परीक्षा घेत नाही. परंतु त्याच बडबडीवरून थोरल्या भावाला ‘तू आईचा नाहीस’ असे कोणी म्हणू लागले, तर आई गप्प बसेल का?

म्हणून आपल्या प्रार्थना मंडळांना आमची विनंती आहे. पुढच्या सभेत आरंभीच करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय मोठ्याने, सावकाश, मराठीतून वाचावा. दोन-तीन ज्येष्ठांनी त्यावर बोलावे. आणि त्या दिवशी, जे चपला घालून बाहेर पडले होते त्यांना आवर्जून बोलावून पहिल्या रांगेत बसवावे.