वानवळ्याला वही नसते

सांगलीजवळ माधवनगरच्या आमच्या कॉलनीत एक मोकळी जागा आहे. नकाशात तिच्यावर ‘ओपन स्पेस’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात तिथं कित्येक वर्षं काँग्रेस गवत, बांधकामाचा राडारोडा आणि कुठल्याशा लग्नमांडवाचे विसरलेले खुंट, एवढंच होतं. 2020 च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, भाजीची गाडी येईल तेव्हा खरी अशी वेळ आली, आणि आम्ही आठ घरांनी ती जागा साफ करायला घेतली. दगड वेचले, शेणखत आणून टाकलं, वाफे पाडले. मृगाच्या तोंडावर घेवडा, दोडका, वांगी, मिरची लावली. कडेला शेवग्याचे दोन खुंट रोवले. आणि पहिल्याच दिवशी दोनशे पानांची एक वही आणली.

वहीत सगळं होतं. कुणी किती वेळ खुरपलं, पाणी कुणी घातलं, बियाण्याला पैसे कुणी दिले. तोडा झाला की आठ वाटे. वाट्यात उणंअधिक नको म्हणून कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वाफ्याच्या कडेला मांडलेला. एका रविवारी सव्वादोन किलो शेंगा निघाल्या, म्हणजे घरटी 280 ग्रॅम. एका घराचं म्हणणं, आम्ही तीनदा खुरपलं. दुसरं घर पंधरा दिवस गावी होतं, त्यांना तेवढाच वाटा कसा? पाऊण तास बोलाचाली झाली. शेंगा उन्हात सुकत होत्या. कट्ट्यावर बसलेल्या शेजारच्या मावशी सगळं ऐकत होत्या. त्यांच्या मालकांची हयात गिरणीत गेली, पण त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. त्या म्हणाल्या, “आवं, शेंगा काय तोलून देत्यात व्हय? तोलून दिली ती मजुरी झाली. वानवळ्याला वही नसती.”

सगळे हसले, भांडण मिटलं. पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मिळून पिकवायचं आणि मिळून खायचं, ही कल्पना आपल्या भागात नवी नाही. तिचे किती अवतार होऊन गेले, त्यातले कुठले टिकले आणि कुठले कोलमडले, हे मी तेव्हापासून मनाशी ताडून पाहतो आहे.

सुरुवात वानवळ्यापासूनच करू. शेतात नवं काही आलं की आधी शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे त्याची पिशवी जाते. थंडीत कृष्णाकाठची वांगी, ओला हरभरा, गुऱ्हाळ लागलं की काकवी. पिशवी रिकामी परत करायची नाही, एवढाच त्यातला नियम. मूठभर तांदूळ असोत नाहीतर चार लिंबं, काहीतरी घालून पाठवायचं. किती आलं आणि किती गेलं, हे कुणी लिहून ठेवत नाही.

याच शेतकऱ्याचा दुसरा व्यवहार मात्र अगदी काटेकोर. पैरा केला तर तुझा बैल एक दिवस माझ्याकडे, माझा एक दिवस तुझ्याकडे. त्यात अर्ध्या दिवसाची चूक झाली तरी ती पुढच्या सुगीपर्यंत ध्यानात राहायची. सावडीत आज दहा जण तुझ्या भांगलणीला आले, तर तुला दहा घरची भांगलण फेडावी लागायची. इर्जिकीत हलगी वाजायची, गावच्या बैलजोड्या एकाच्या रानात उतरायच्या आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवणावळ व्हायची. दिसायला तो सण, पण कोण आलं नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. काळ्या रानात लाकडी नांगर ओढायला तीन-चार जोड्या लागत आणि तेवढी जनावरं एका दावणीला नसत. म्हणून बैल आणि हात सामाईक झाले. रान मात्र ज्याचं त्याचं राहिलं आणि पीकही. पुढं ट्रॅक्टर आला, नडच उरली नाही, तशी इर्जीकही गेली. माणसं एकाएकी स्वार्थी झाली म्हणून ती मोडली, असं काही मला वाटत नाही.

मिळून पिकवण्याचा दुसरा अवतार इथून फार लांब नाही. 1939 मध्ये औंध संस्थानानं आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली, ग्रामपंचायतीच्या हाती कारभार सोपवला. त्याच सुमारास राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसवलं. हा बिनभिंतीचा तुरुंग. शिक्षा झालेल्या माणसांनी तिथं शेती करायची आणि कुटुंबासह राहायचं. 1957 चा व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला आणि त्याची कथा लिहिली ती त्याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी. पडद्यावरचे कैदी भाजी पिकवतात, रास्त भावात विकतात आणि म्हणूनच व्यापाऱ्यांचा मार खातात. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की स्वतंत्रपुरात जे वाटून घ्यायचं होतं ते पिकापेक्षा वेगळं होतं. मुक्कामाला भिंत नाही आणि कुणी पळत नाही, म्हणजे तिथं सामाईक होता तो विश्वास. त्या माळावर पाण्याइतकाच तोही दुर्मीळ.

तिसरा अवतार दिल्ली-नागपूरच्या वाटेनं आला. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनानं संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. बांध मोडायचे, जमीन एकत्र करायची, कसायची एकत्र, आणि उत्पन्न जमिनीच्या व कामाच्या हिशेबानं वाटायचं. कागदावर यात खोट काढणं अवघड. चरणसिंगांनी अधिवेशनातच विरोध केला, राजाजींनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. पण ठरावाला खरा नकार मिळाला तो बांधावर. साखर कारखाना सहकारी चालतो, दूध संघ चालतो, सोसायटी चालते. या जिल्ह्याला सहकार कुणी शिकवायला नको. तरी तोच शेतकरी म्हणाला, ऊस एकत्र गाळू, रान एकत्र करणार नाही. एकट्याला कारखाना उभारता येत नव्हता, म्हणून तो सामाईक झाला. आपलं रान कसणं मात्र त्याला एकट्याला जमत होतं, ते सामाईक करायचं कशाला? आमची दोनशे पानी वही म्हणजे या ठरावाचीच धाकटी बहीण होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ज्याची टंचाई नव्हती त्याचाही आम्ही हिशेब मांडून बसलो होतो.

चौथ्या अवतारानं मला खरी वाट दाखवली. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा हक्क त्यांनी जमिनीपासून सोडवला आणि माणसाला जोडला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही, आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क.

आपल्या जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीनं येरळा नदीवर तेच पुढं नेलं. 1982 च्या गिरणी संपात मुंबईहून गावी परतलेले कामगार इथं दुष्काळात सापडले. भारत पाटणकर आणि सहकाऱ्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीनं प्रश्न विचारला, की नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेतात आणि नदी कोरडी पडते, तर ती वाळू कुणाची? गावानं स्वतः थोडी वाळू विकून त्या पैशातून, लोकांच्या देणग्यांतून आणि श्रमदानातून बळीराजा स्मृती धरण बांधलं. पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखं, भूमिहीनांनाही. उसाला नाही.

इथं पाण्याची पाळी तोलूनमापून ठरते. पण वाफ्यात काय लावायचं आणि पिकलेलं कुणाला द्यायचं, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरतं. पैऱ्यापासून बलवडीपर्यंत मला एकच सूत्र सापडत गेलं. जे टंचाईचं, ते सामाईक आणि काटेकोर. जे रेलचेलीचं, ते ज्याचं त्याचं आणि सैल. अमेरिकेत गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये लिहिलं होतं, की सामाईक कुरणाची वाट लागायचीच. पुढं एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातले पाटबंधारे, कुरणं, मासेमारीची पाणी तपासली आणि 1990 च्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांनीच राखण केली आणि चुकणाऱ्याला आधी लहान शिक्षा ठेवली, तर सामाईक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पाणीवाटपात फडकरी, पाटकरी असले शब्द वापरणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

पाचवा अवतार ज्ञानाचा. मूळच्या साताऱ्याच्या दाभोलकर घराण्यातले श्रीपाद अच्युत दाभोलकर गारगोटीला मौनी विद्यापीठात गणित शिकवत. पुढं त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. कोल्हापूर, सांगली, तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनी एकमेकांच्या बागेत जायचं, छाटणी, खत, पाणी यांचे स्वतः केलेले प्रयोग मांडायचे, फसलेलेही सांगायचे. तज्ज्ञानं बोलायचं आणि शेतकऱ्यानं मान डोलवायची, ही रीत त्यांनी बाजूला ठेवली. तासगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या बागेत निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात बागांमागून बागांत गेली, ती असल्याच देवाणघेवाणीच्या मातीत. एका कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, ही दाभोलकरांची मांडणी. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्यांचं म्हणणं आहे. ज्ञान हे टंचाईचं असूनही वाटल्यानं घटत नाही. म्हणजे वहीत मांडायची गोष्ट आणि वानवळ्याची गोष्ट इथं एकच झाली.

त्यांच्या पद्धतीचं बोट धरून पुढं मुंबईत शहरी शेती सुरू झाली. पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर 2002 पासून प्रीती पाटील यांनी कँटीनच्याच ओल्या कचऱ्यावर फळं-भाज्या पिकवल्या. तिथं जमीन नव्हती, पण कचरा आणि ऊन मुबलक होतं. आम्हीही त्याच परंपरेतलं अमृतजल करतो. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, मग दसपट पाणी घालून पाल्यापाचोळ्यावर शिंपायचं. चौथ्या दिवशी बादलीवर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. कॉलनीतली पोरं नाक दाबून ढवळायला भांडतात.

हे सगळं जुळवल्यावर आम्ही वही बदलली. खुरपणीचे तास काढून टाकले, काटा घरी गेला. ज्याला हवं त्यानं त्या दिवसापुरतं तोडावं. वहीत फक्त पाण्याच्या पाळ्या ठेवल्या, कारण उन्हाळ्यात वाफे वाळतात ते पाण्यावाचून आणि पाळी चुकवल्यानं. पाळी चुकली की दंड एकच. पुढच्या अमृतजलाचं शेण त्यानं आणायचं.

मावशींचं बोलणं खरं ठरलं, असं म्हणून मी इथंच थांबलो असतो. पण एक गोष्ट टोचत राहिली. वानवळा जायचा कुणाकडे? आपल्या आळीत, आपल्या भावकीत, सोयऱ्यांत. वेशीबाहेरच्या वस्तीत तो जात नसे. तिथली माणसं सुगीत खळ्यावर येत, आणि त्यांना जे मिळे ते मालकाच्या मर्जीनं, खाली वाकून घ्यायचं. न मोजता देण्यातली माया देणाऱ्याला दिसते. न मोजता घेण्यातली लाचारी घेणाऱ्यालाच ठाऊक. म्हणूनच पाणी पंचायतीनं आणि बलवडीनं भूमिहीनाचा हक्क नियमातच मांडला, गावाच्या चांगुलपणावर सोडला नाही. वही नकोशी वाटणं ही, ज्याचं नाव आधीपासून सातबाऱ्यावर आहे, त्याची चैन असते.

आमच्या बागेचा निम्मा पाला कॉलनीचा रस्ता झाडणाऱ्या बाई आणून टाकत. आम्ही त्यांना अधूनमधून भाजी देत होतो आणि मनातल्या मनात त्याला वानवळा म्हणत होतो. गेल्या वर्षी वहीत त्यांचं नाव लिहिलं. नववं घर, उत्तरेकडचा कडेचा वाफा, पाण्याची पाळी गुरुवारी. दोघांना ते पटलं नाही, त्यांनी तसं सांगितलं, बैठक लांबली, पण नाव राहिलं. बाईंनी चाकवत आणि अंबाडी लावली. कुणाला विचारलं नाही.

जानेवारीत एका सकाळी दार वाजलं. बाई होत्या, हातात कापडी पिशवी. “आमच्या वाफ्यातला चाकवत हाय,” एवढं बोलून निघाल्या. पिशवी ओली होती, देठांना माती तशीच होती. चाकवत निवडून झाल्यावर घरातून विचारणा झाली, पिशवीत काय घालून द्यायचं? ओट्यावर चार लिंबं होती, डब्यात तिळाचे लाडू होते. इतक्या वर्षांत त्यांची पिशवी आमच्या घरात पहिल्यांदाच आली होती. ठरेपर्यंत ती दाराच्या खुंटीला टांगून ठेवली.