परसातले तळे आणि स्वामित्वाचा प्रश्न

घराच्या मागे, स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या हाताने खणलेले लहानसे तळे ही वरकरणी अगदी खाजगी बाब आहे. बंगालमध्ये घरामागचे पुकुर आणि केरळमध्ये घरालगतचे कुळम हे जुन्या वस्तीरचनेचे अविभाज्य घटक होते. कोकणच्या वाडीत ती जागा विहिरीने आणि तिच्या शेजारच्या डोणीने घेतली होती. आज शहराच्या कडेला घर बांधणारा सुशिक्षित गृहस्थही हौसेने परसात तळे खणतो. कुदळ, फावडे, चार घमेली मुरूम, काठाला लावायचे दगड आणि तळाशी अंथरायची चिकणमाती किंवा जाड प्लास्टिकचा कागद एवढ्या सामग्रीवर काही सुट्ट्यांच्या दिवसांत ते तयार होते. खणणाऱ्याच्या लेखी ते बागेचे एक आभूषण असते. पण पहिला पावसाळा सरतो न सरतो तोच त्यात बेडूक अंडी घालून गेलेले असतात, पाण्यावर चतुर आणि टाचण्या घिरट्या घालू लागतात, एखाद्या सकाळी वंचक काठावर ध्यान लावून उभा दिसतो, आणि एखाद्या संध्याकाळी दिवड पाण्यातून सळसळत जाते. यांपैकी कोणालाही निमंत्रण नव्हते. अशा वेळी एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो : हे तळे आता कोणाचे?

सातबाराच्या उताऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर तयार असते, पण ते जमिनीविषयीचे उत्तर आहे. तळे म्हणजे केवळ जमीन नव्हे, आणि केवळ खड्डा भरून राहिलेले पाणीही नव्हे. ज्याच्यामुळे त्याला तळेपण येते ती जीवसृष्टी मालकाने निर्माण केलेली नसते. डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात एका छोट्या तळ्याच्या काठचा तीन चमचे गाळ घेऊन केलेल्या प्रयोगाची हकिगत आहे. वाळल्यावर तो गाळ जेमतेम पावणेसात औंस भरला. सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवलेल्या त्या गाळातून ५३७ रोपे उगवली, आणि तो सगळा गाळ न्याहारीच्या एका पेल्यात मावणारा होता. पाणपक्ष्याच्या पायाला लागलेला चिखल केवढी वनस्पतिसृष्टी वाहून नेत असेल, हे त्याला दाखवायचे होते. १८८२ साली, मृत्यूच्या अवघ्या काही दिवस आधी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अखेरच्या टिपणाचा विषयही हाच होता : एका पाणभुंगेऱ्याच्या पायाला घट्ट चिकटून प्रवास करणारा लहानसा शिंपला.

परसात दिसणाऱ्या पिवळसर चतुराची कथा याहून विस्मयकारक आहे. पावसाळी डबक्यांत वाढणारी ही जात दीड-दोन महिन्यांत अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास पुरा करते. नैऋत्य मोसमी पाऊस ओसरल्यावर तिचे थवे वाऱ्याबरोबर भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे प्रतिपादन चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली केले. ते स्वीकारले, तर परसातले चार हातांचे तळे हा दोन खंडांना जोडणाऱ्या वाटेवरचा एक मुक्काम ठरतो. मुक्कामाच्या जागेवर यजमानाचा काही हक्क असतो खरा, पण तो प्रवाशांवरचा हक्क नसतो.

भारतीय परंपरेत पाण्याच्या स्वामित्वाचा प्रश्न सर्वांत नाट्यमय रीतीने उपस्थित होतो तो महाभारताच्या वनपर्वात. तहानेने व्याकूळ झालेल्या पांडवांना तळ्याकाठचा यक्ष बजावतो, की हे पाणी माझे आहे. आधी प्रश्नांची उत्तरे द्या, मग प्या. चौघे त्याचा हक्क झुगारतात आणि मरून पडतात. युधिष्ठिर मात्र तो हक्क मान्य करतो. श्रेष्ठ धर्म कोणता या प्रश्नाला तो आनृशंस्य, म्हणजे क्रौर्याचा अभाव, असे उत्तर देतो, आणि एकच भाऊ जिवंत होऊ शकेल असे कळल्यावर सख्ख्या भावांना सोडून माद्रीपुत्र नकुलाला मागून घेतो. या कथेत मालकीचा दावा बळाने खोडला जात नाही आणि कायमही राहत नाही. ‘माझे’ आणि ‘परके’ यांतला भेद जिथे गळून पडतो, तिथे पाणी सर्वांसाठी मोकळे होते.

जे महाकाव्याने कथेतून सुचवले, त्याला धर्मशास्त्राने विधीचे रूप दिले. तळे, विहीर, बाग ही पूर्तकर्मे खणून वा लावून पुरी होत नाहीत. त्यांचा ‘उत्सर्ग’ करावा लागतो. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या १९४१ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात दान आणि उत्सर्ग यांतला भेद नेमकेपणाने मांडला आहे. दानात दाता आपले स्वामित्व सोडतो व ते दुसऱ्या एका निश्चित व्यक्तीकडे जाते. त्यानंतर त्या वस्तूचा उपभोग घेण्याचा अधिकार त्याला उरत नाही. उत्सर्गातही स्वामित्व सुटते, पण ते कोणा एकाकडे जात नाही. वस्तू सर्व भूतांसाठी सोडलेली असते, आणि त्या सर्वांपैकी एक म्हणून सोडणाराही तिचा उपयोग करू शकतो. पाणी तेच, ओंजळही तीच. बदलते ती पिणाऱ्याची भूमिका.

मत्स्यपुराणात तडागविधीचा जो तपशील येतो, तो या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. सोन्याचे कासव व मकर, चांदीचा मासा व डुंडुभ, तांब्याचा खेकडा व बेडूक आणि लोखंडाचा शिशुमार अशा प्रतिमा पात्रात ठेवून त्या पाण्यात सोडायच्या असतात. डुंडुभ म्हणजे पाण्यातला बिनविषारी साप. परसातल्या दिवडीचाच तो पुराणातला सगोत्र म्हणायचा. या यादीत हंस नाही, कमळही नाही. मकर आणि साप मात्र आहेत. तळे सोडणाऱ्याने मनोहर तेवढेच निवडायचे नाही. जे भय वाटायला लावते त्याचाही वाटा प्रारंभीच मान्य करायचा, असा अर्थ त्या विधीतून निघू शकतो.

येथे थांबून परंपरेचा गौरव करणे सोपे आहे, परंतु ते प्रामाणिक ठरणार नाही. ज्या समाजाने सर्व भूतांसाठी पाणी सोडण्याची भाषा घडवली, त्याच समाजाने माणसांतल्या एका मोठ्या वर्गाला पाणवठ्यावर येऊ दिले नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य मानलेल्या माणसांना होता. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, तरी व्यवहार बदलला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्याची परिणती मारहाणीत आणि पुढे तळ्याच्या ‘शुद्धीकरणा’त झाली. त्यानंतरचा दावा उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. सर्वभूतांचा उच्चार करणाऱ्या ओठांना जवळचा माणूस त्या शब्दात मोजता येत नव्हता, ही गोष्ट उत्सर्गाच्या तत्त्वाची कठोर परीक्षा आहे. चतुरांसाठी पाणी राखणाऱ्या आजच्या गृहस्थालाही ती टळत नाही. उन्हाळ्यात वस्तीतल्या नळांना पाणी नसताना ज्याच्या परसातले कारंजे टँकरच्या पाण्यावर थुईथुई नाचते, त्याने बेडकांविषयी कितीही कळवळा दाखवला तरी त्याचे तळे कोणासाठीच सोडलेले नसते.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. स्वामित्व सोडले की जबाबदारीही सुटते काय? मुंबईतल्या हिवतापाविषयी डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली जो अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवले होते; हिवताप पसरवणारे डास तेथल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढत होते. विहिरी झाकण्याच्या व बुजवण्याच्या उपायांना धार्मिक भावनेने विरोध झाला, पण शेजाऱ्याच्या मुलाचा ताप हाही भूतदयेच्याच कक्षेतला विषय आहे. ज्याने पाणी साचवले त्याला त्याच्या परिणामांना उत्तर द्यावेच लागते. उत्सर्गात सुटते ते स्वामित्व, उत्तरदायित्व नव्हे.

हे उत्तरदायित्व कोठवर पोहोचते, हे ठरवायला एक साधा भेद उपयोगी पडतो. काही गोष्टी तळ्यात आपण होऊन येतात, काही आणून सोडल्या जातात. आणून सोडलेल्याचा संपूर्ण भार आणणाऱ्यावर पडतो. जलपर्णी या देशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जांभळ्या फुलांच्या मोहाने आली. तिने बंगालचे जलमार्ग असे कोंडले, की १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पुण्यातल्या नद्यांवर तिचा हिरवा गालिचा आजही पसरतो. डास खातो म्हणून जगभर सोडलेला गंबुशिया मासा बेडकांची अंडी व पिल्लेही खातो, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याची गणना झाली आहे. या दोन्ही प्रकरणांत हेतू वाईट नव्हता. तळ्याला स्वतःची पूर्तता करू देण्याचा धीर मात्र नव्हता. चतुरांच्या अळ्या आणि पाठीवर पोहणारे पाणकिडे डासांच्या अळ्यांवर जगतात. थोडी वाट पाहिली तर ते बहुधा येतात. येत नाहीत तोवर आठवड्याला पाणी पाहणे, अळ्या दिसल्या तर त्या काढणे किंवा पाणी उपसणे, हे काम खणणाऱ्याचेच.

आपण होऊन येणाऱ्यांच्या बाबतीत कर्तव्य उलट्या दिशेने जाते. तिथे हात आवरायचा असतो. वंचक बेडकाची पिल्ले टिपतो, दिवड बेडूक गिळते, आणि पाहणाऱ्याच्या मनात दुर्बलाचा पक्ष घेण्याची ऊर्मी उठते. ती ऊर्मी उदात्त असली तरी तिच्यात मालकीची सूक्ष्म पुनःस्थापना असते : माझ्या तळ्यात कोणी कोणाला खायचे ते मी ठरवणार. उन्हाळ्यात तळे आटू लागते तेव्हाही हेच घडते. नळ सोडून ते बारमाही भरलेले ठेवावेसे वाटते. पण पावसाळ्यात पिवळाधमक होऊन डरावणाऱ्या मोठ्या बेडकाची वीण प्रामुख्याने तात्पुरत्या साचलेल्या पाण्यातच होते. जे तळे दरवर्षी आटते त्यात मासे टिकत नाहीत, आणि म्हणून पिल्लांचा निभाव लागतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तात वर्षभर निःशब्द राहिलेल्या बेडकांना पहिल्या पावसाबरोबर कंठ फुटतो. त्या निःशब्दतेला कोरड्या मातीची गरज असते. तडकलेला तळ हे खणणाऱ्याचे अपयश नव्हे.

हात आवरण्यापूर्वी हाताने करायचे एक काम मात्र आहे, आणि ते खणतानाच करावे लागते. तळ्याची एक बाजू तरी उतरती ठेवायची. सरळ कापलेल्या, प्लास्टिकने गुळगुळीत झालेल्या काठांच्या तळ्यात सरडा, खार किंवा नुकतेच पाय फुटलेले बेडकाचे पिल्लू पडले तर त्याला बाहेर येता येत नाही. उतारावर मधमाश्या आणि चिमण्या बुडण्याच्या भयाशिवाय पाणी पितात, आणि रांगते मूलही एकदम खोल पाण्यात जात नाही. त्यासाठी चार घमेली माती जास्त टाकावी लागते, आणि तळ्याचा आकार चित्रातल्यासारखा रेखीव राहत नाही.

मुंबईत धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे उरली आहेत, पाणी दिसेनासे झाले आहे. सार्वजनिक पाणवठे असे बुजत असताना परसातल्या तळ्यावर मोठा भार येऊन पडतो, आणि तो पेलण्याची कायदेशीर ताकद त्याच्याजवळ नसते. घर विकले जाते, नवा मालक येतो, आणि ज्या पाण्यावर काही पिढ्या बेडूक वाढले तिथे एका दुपारी फरशी बसते. मनातल्या मनात केलेला उत्सर्ग खरेदीखताला बांधून ठेवू शकत नाही. त्यामुळे परसातल्या तळ्याचे नैतिक स्थान नेहमीच अस्थिर राहील. जोवर घर आपल्या ताब्यात आहे तोवर काठ उतरता ठेवणे, बाहेरचे काही आत न सोडणे, डासांवर लक्ष ठेवणे आणि तहानलेल्या माणसाला त्या घरातून विन्मुख न पाठवणे, इतके मात्र खणणाऱ्याच्या हाती आहे.