ग्राहींची मोजदाद आणि माणसाचा दोष

छिन्नमनस्कतेने ग्रासलेल्या माणसास बोल लावू नये, कारण त्याच्या मेंदूतच बिघाड आहे, असे हल्ली सुशिक्षित लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. पूर्वी याच घरांतून पूर्वकर्म किंवा बाहेरची बाधा यांची नावे निघत. त्यापेक्षा हे बोलणे पुष्कळच बरे. तथापि दयेला ज्या पुराव्याचा आधार द्यावयाचा, त्याची वकिलाच्या सवयीने एकदा उलटतपासणी घेणे आम्हांस अवश्य वाटते.

मेंदूतील एक पेशी दुसरीस रासायनिक द्रव्यांच्या द्वारे निरोप धाडते. डोपामिन हे त्यांपैकी एक द्रव्य. निरोप घेणाऱ्या पेशीवरील ज्या स्थानी ते येऊन बसते, त्यास ग्राही म्हणावे. १९५२ साली पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिनचा गुण या रोग्यांत दिसून आला. पुढे १९७५-७६ च्या सुमारास असे आढळले की, या वर्गातील जे औषध डी-२ नावाच्या ग्राहींस अधिक घट्ट चिकटते, त्याची मात्रा कमी पुरते. तेव्हा रोग्यांत हे ग्राहीच वाढले असावेत असा तर्क निघाला, आणि मृत रोग्यांचे मेंदू तपासता ते वाढलेले दिसलेही. पण मेख येथेच होती. त्यांतील बहुतेकांनी दीर्घकाळ औषधे घेतली होती. आणि तीच औषधे उंदरांस दिली असता त्यांचेही ग्राही वाढत! रोगाची खूण म्हणून जे पुढे आले, ते उपचाराचेच पाऊल असू शकत होते. पंचनाम्यात पोलिसाच्याच बोटांचे ठसे सापडावेत, तसा हा प्रकार.

मग औषध कधीच न घेतलेले रोगी निवडण्यात आले. १९८६ साली बाल्टिमोरच्या संशोधकांस त्यांच्यातही वाढ दिसली. १९८७ साली स्टॉकहोमच्या संशोधकांस ती दिसली नाही. पुढील अभ्यासांत ग्राहींच्या संख्येतील फरक अल्पच ठरला. अधिक ठळक फरक आढळला तो निरोप धाडणाऱ्या पेशीत, डोपामिन तयार होण्याच्या व सुटण्याच्या प्रमाणात. तोही सर्व रोग्यांत सारखा नव्हे.

तर मग बाल्टिमोरात निर्दोष ठरलेला रोगी स्टॉकहोमात दोषी ठरला काय? दया मोजदादीवर उभारली, तर मोजदाद बदलताच ती ढासळणार. शिवाय लोभी माणसाच्या लोभालाही मेंदूत काही ना काही स्थान असणारच; म्हणून त्यास कोणी माफी देत नाही. कायदा या फंदात पडलेला नाही. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ८४, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२, एवढेच विचारते की, कृत्य करतेवेळी मनोविकृतीमुळे त्यास कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा बेकायदा आहे हे, कळण्याची शक्ती होती की नव्हती.

‘करतेवेळी’ हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. सदासर्वदा बिघडलेला मेंदू म्हटले की, दोषाबरोबर त्या माणसाचा शब्दही जातो. आणि वाटणीच्या वेळी भाऊबंदांस नेमके हेच हवे असते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे, एरवी वेडा असलेला मनुष्यही मन ठिकाणावर असण्याच्या अवधीत मृत्युपत्र करू शकतो. ते मृत्युपत्र त्याचेच असते, त्याच्या ग्राहींचे नव्हे.