कूस कोण बदलणार?

गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि आजी अंथरुणाला खिळली. ती कराडला, मी हिंजवडीत. आईबाबा दिवसभर नोकरीवर, त्यामुळे आजीजवळ थांबायच्या त्या शेजारच्या काकू. लांबून मला जे येत होतं ते मी केलं : एक छोटं अ‍ॅप बनवलं. दर दोन तासांनी काकूंच्या फोनवर अलार्म, आजीची कूस बदलली की टिक. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि बेडसोअर होतो, एवढं मी वाचलं होतं.

पंधरा दिवसांत माकडहाडाजवळ जखम झाली. अ‍ॅपमध्ये मात्र सगळ्या टिका हिरव्या. मी फोन करून जरा चढ्या आवाजातच विचारलं.

काकू म्हणाल्या, "अरे, अलार्म वाजतो रे. पण आजींना वळवायला दोन माणसं लागतात. दुसरं कोण आहे इथे? आणि वळवायचं कसं, ते मला कुणी दाखवलंय? टिक नाही केली तर तो वाजतच राहतो, म्हणून करते."

मी गप्प झालो. काकूंना आठवण नको होती, माणूस हवा होता. मी त्यांच्यावर फक्त पहारा बसवला होता.

मग आधीची एक गोष्ट टोचायला लागली. पैसे ठरवताना मीच म्हणालो होतो, "काकू, पुण्याचं काम आहे हे." आपण 'सेवा' म्हणतो तेव्हा मान देतो, की पगारात सूट मागतो? काकू आजीचा हात धरून बसतात, ती माया विकत मिळत नाही, हे खरंच. पण म्हणून उचलण्या-पुसण्याचे कष्टही फुकट किंवा स्वस्त कसे होतात?

केरळने हा प्रश्न घरापुरता ठेवला नाही. कोझिकोडमध्ये 1993 साली सुरू झालेल्या कामातून पुढे गावागावांत प्रशिक्षित स्वयंसेवकांचे गट उभे राहिले. 2008 मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच आणलं. पंचायतीमार्फत नर्स घरी येते, जखम बघते, घरच्यांना शिकवते. आपुलकी शेजाऱ्यांची, पण कौशल्य आणि खर्चाची जबाबदारी सगळ्यांची.

आमच्याकडे तसं काही नव्हतं. पैसे देऊन एक नर्स दोन दिवस बोलावली. अंगाखाली आडवी चादर घालून कसं वळवायचं, हे तिने काकूंना आणि गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाला शिकवलं. दुपारी तो येतो, त्यालाही पैसे देतो. काकूंचा पगार वाढवला. रविवारी त्यांना सुट्टी असते, त्या दिवशी आम्ही घरचे. पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत माझी कंबर धरली होती.

जखम आता भरत आलीये. अ‍ॅप काढून टाकलं. पण परवा काकू कंबरेला पट्टा बांधून आल्या. साठी जवळ आलीये त्यांची, मुलगा दुबईत. त्यांची कूस कोण बदलणार, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.