अतिक्रमण: बैल अजून कुंपणाबाहेरच आहे



आजचा शब्द 'अतिक्रम'. 'अतिक्रमण' म्हटलं की आपल्याला आठवते महापालिकेची गाडी आणि फुटपाथवरच्या टपऱ्या. पण हा शब्द मुळात पायाचा आहे. संस्कृतात 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, 'अति' म्हणजे पलीकडे. हद्दीपलीकडे पडलेलं पाऊल म्हणजे अतिक्रमण.

कायद्यालाही ते पाऊल लागतंच. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं कलम 441 बघा: दुसऱ्याच्या जागेत शिरल्याशिवाय गुन्हा होत नव्हता. नुसता मोह झाला, तर पोलीस काय करणार?

आपले आचार्य मात्र मोहापासूनच मोजायला लागतात. जैन ग्रंथांत एका म्हाताऱ्या बैलाचा दृष्टांत आहे. हिरवंगार शेत बघून तो बांधापाशी थांबतो, त्याला हाव सुटते. हा अतिक्रम. कुंपणाच्या फटीतून तोंड घालून एक घास घ्यावासा वाटतो, तो व्यतिक्रम. कुंपण ओलांडलं, अतिचार. आत जाऊन एक घास घेतला नि मागे फिरला, अनाचार. मग बिनधास्त आत शिरून पोटभर चरला, तो आभोग. मालकाची काठी बसते ती इथे.

मला यात भिडतं ते हे, की काठी पाचव्या पायरीला बसते, पण सुरुवात पहिल्या पायरीला झालेली असते.

आता आपलं बघू. रूममेट अंघोळीला गेलाय, त्याचा फोन टेबलावर उजळला. वाचावंसं वाटलं. हात पुढे गेला. पासवर्ड माहीत होताच, उघडला. एकच चॅट वाचला नि ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात मात्र रोजचंच झालं! बैल कोण, ते सांगायला नको.

याच 'क्रम्' पासून आपला दुसरा शब्द आलाय: प्रतिक्रमण. 'प्रति' म्हणजे मागे, आपल्या जागी परत. परतता कुठूनही येतं. फरक इतकाच, की पहिल्या पायरीवरून परतायला एक श्वास पुरतो; पाचवीवरून परतायचं तर मित्राच्या डोळ्यात बघून बोलावं लागतं, आणि गेलेला विश्वास परत येईलच असं नाही.

म्हणून प्रतिक्रमण फक्त वर्षाचं नाही. दिवसाचं, रात्रीचं, पंधरवड्याचं, चार महिन्यांचंही आहे. संवत्सरीला सगळ्यांना एकच मेसेज फॉरवर्ड करण्यापर्यंत कशाला थांबायचं?

आज झोपण्याआधी दोन मिनिटं शांत बसा. विचारा: आज मी कोणाच्या कुंपणापाशी उभा होतो? आणि तिथूनच मागे फिरा.

मिच्छामि दुक्कडं.